तिसऱ्या बुरुजानंतरची भिंत

आमच्या धंद्यात खोटं बोलावं लागतं. किती बोलायचं आणि कुठे थांबायचं, एवढंच काय ते शिकण्यासारखं असतं, आणि ते शिकण्यात माझे बरेच केस गेले.

मी इमारतींची छोटी मॉडेलं करतो. पण बघायची नव्हेत, हात लावायची. संग्रहालयात जागोजागी ‘हात लावू नका’ अशा पाट्या असतात आणि एका कोपऱ्यात एक टेबल असतं, त्यावर ‘हात लावा’ असं लिहिलेलं असतं. त्या टेबलावरचं जे काही असतं ते आमच्यासारख्यांनी केलेलं. ज्यांना दिसत नाही त्यांनी बोटांनी चर्च बघावं, पूल बघावा, पवनचक्की बघावी म्हणून. हे एकदा इथल्या, म्हणजे उइटहॉर्न या डच गावातल्या, आपल्या मराठी मंडळींना समजावून सांगितलं, तर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि शेवटी एकजण म्हणाले, “म्हणजे गणपतीचं मखर तुम्हीच करणार.” तेव्हापासून करतोय.

पुण्यात मी बिल्डर लोकांची मॉडेलं करायचो. स्पंजची झाडं, शेंगदाण्याएवढी माणसं आणि निळ्या अ‍ॅक्रिलिकचा पोहण्याचा तलाव, जो पुढे कधीच बांधला जायचा नाही. तेही खोटंच, पण ते खपवायचं खोटं. मग दोन हजार पाचच्या सुमारास सुजाताला, म्हणजे माझ्या बायकोला, आर्नहेमच्या एका वीज कंपनीत नोकरी लागली आणि तिच्या परमिटवर मी इथे आलो. समारंभात लोक विचारायचे, “सुजाता आयटीत, आणि तुम्ही?” मी सांगायचो, “पोळ्या.” लोक हसायचे. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, मी खरोखरच पोळ्या करत होतो.

एक दिवस सायकलवरून येताना काचेच्या दारामागे एक उंच माणूस लाकूड कानशीने घासताना दिसला. मी सायकल लावली आणि बघत उभा राहिलो. त्याने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता कानस पुढे केली. मी एक कड गोल करून दिली. त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “माआंडाख.” माआंडाख म्हणजे सोमवार. माझी मुलाखत एवढीच झाली. त्याचं नाव हेंक. हेंक गोड बोलत नाही, पण तोंडावर एक आणि पाठीमागे एक असंही कधी बोलत नाही. पुण्याच्या माणसाला हे पटकन जमतं.

आता खोटं का बोलावं लागतं ते सांगतो. बोटाला एका वेळी बोटाएवढंच कळतं. खऱ्या मापाने चर्चची खिडकी केली तर ती टाचणीएवढी होते, बोटाला सापडतच नाही. मग खिडकी मोठी करायची, भिंत जाड करायची, नक्षी बरीचशी गाळून टाकायची. टोचेल असं काही ठेवायचं नाही. दगड गार लागतो, लाकूड उबदार लागतं, धातू सगळ्यांत आधी कळतो. हे सगळं सांभाळून शेवटी मूळ इमारत ओळखू यायला हवी. स्लोटरडाइकच्या एका ऑफिसवाल्यांनी त्यांच्या काचेच्या टॉवरचं मॉडेल मागवलं होतं. मी काटेकोर मापाने, गुळगुळीत, सुंदर करून दिलं. आमच्याकडे तपासणीला येणाऱ्या अंध बाईंनी त्यावरून दोन्ही हात फिरवले आणि म्हणाल्या, “छान आहे. फ्रीज आहे ना?” तिथे मी खोटं बोलायला हवं होतं आणि खरं बोललो.

व्हेराआजीच्या बाबतीत नेमकं उलटं झालं.

एका सकाळी विलेम नावाचे पन्नाशीचे गृहस्थ पिशवीत फोटो घेऊन आले. त्यांची आई व्हेरा, ऐंशीच्या घरातली. मूळची आज बेलारूसमध्ये असलेल्या एका खेड्यातली. लढाईत जर्मनांनी तिला मजुरीला पकडून नेलं. तिथे तिच्यासारखाच पकडून आणलेला एक डच तरुण भेटला. लढाई संपल्यावर दोघं लग्न करून इकडे आली, आणि त्यानंतर ती कधी परत गेली नाही. आता दोन वर्षांत तिची दृष्टी पूर्ण गेली होती. डॉक्टर प्रवास नको म्हणत होते. तिला तिच्या गावचं चर्च एकदा बघायचं होतं, म्हणून विलेमनी आम्हाला गाठलं.

फोटो बघितले आणि मी खूशच झालो. ते चर्च नव्हतं, किल्लाच होता. चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, हातभर नव्हे, माणूसभर जाड भिंती, आणि छपराखाली ओळीने जंग्या. गड चढणाऱ्याला जंग्या सांगायला नकोत: तटात ठेवलेली ती भोकं, आतून बंदूक रोखायची आणि बाहेरच्याला दिसायचं नाही. आपल्याकडे किल्ल्यात देऊळ असतं. इथे देवळालाच किल्ला केलेला. लुटारू आले की गाव आत शिरायचं, खाली ऑर्थोडॉक्स पाद्र्याची प्रार्थना चालायची आणि वर माळ्यावरून गोळ्या. मी हेंकला म्हटलं, “हे काम माझं.” तो म्हणाला, “तुझंच आहे. मला डोंगरातलं काही कळत नाही.” गाव सपाटीवर होतं, पण मी त्याला दुरुस्त केलं नाही.

काम सुरू करण्यापूर्वी मी आजीला भेटायला गेलो. र्‍हाइनच्या पलीकडे छोटंसं घर, खिडकीत जिरेनियम, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक छोटी तसबीर. तिने माझे हात मागितले, चाचपले आणि म्हणाली, “सुताराचे आहेत. बस.”

तिला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, दार बुटकंच राहिलं पाहिजे. “ते दार वाकल्याशिवाय आत घेत नाही. शत्रूला घोड्यावरून घुसता येऊ नये म्हणून. आम्हाला वाटायचं, देवासाठी वाकतोय.” दुसरी गोष्ट म्हणजे भिंतीतला तोफगोळा. कुठल्याशा जुन्या लढाईत भिंतीत रुतलेला, तसाच राहिलेला. ईस्टरला सगळं गाव हातात मेणबत्त्या घेऊन चर्चभोवती फेरी घालायचं. ती लहान होती. गोळ्यापाशी आलं की आई तिला उचलायची आणि ती गोळ्याला हात लावायची. “आईचा चेहरा मला आता आठवत नाही,” ती म्हणाली. “ती उचलायची ते आठवतं.”

“गोळा कुठल्या भिंतीत?” मी विचारलं.

“दारातून निघायचं. तिसरा बुरूज ओलांडला की लगेच, भिंतीत.”

विलेम मला सोडायला दारापर्यंत आले. हळू आवाजात म्हणाले, “गोळ्याचं मनावर घेऊ नका. फोटोत कुठल्याही भिंतीवर काही नाही.” मी म्हटलं, गिलाव्याखाली गेला असेल, चुन्याचा चांगला जाड थर दिसतोय. ते म्हणाले, “असेल. पण माझ्या उभ्या आयुष्यात आईच्या तोंडून मी हे ऐकलेलं नाही. हल्ली ती शब्द विसरते, मधेच तिच्या भाषेत बोलते. नव्या नव्या गोष्टी रचते. तिला एकटं ठेवणं आता बरं नाही. मी वृद्धाश्रमात नाव घातलंय.” माणूस वाईट नव्हता. रोज संध्याकाळी आईकडे जेवण घेऊन जायचा. तो घाबरलेला होता.

आजीला हे सगळं माहीत होतं. दुसऱ्या वेळी मी लाकडाचे नमुने घेऊन गेलो तेव्हा ती म्हणाली, “तो गोळा नीट बसव. विलेमला वाटतं माझं डोकं गेलंय. डोळे गेलेत, तेवढं पुरे आहे.”

मी लिंडनचं लाकूड घेतलं. मऊ असतं, रेषा कमी असतात, बोटाला शांत वाटतं. मॉडेल परातीएवढं झालं. जंग्या मोठ्या केल्या, छपराचा उतार थोडा कमी केला, भोवतीच्या फेरीची वाट पाटावर कोरून काढली, बोट आपोआप त्यातून सरकेल अशी. दाराबद्दल हेंक म्हणाला, “मोठं कर, बोट जात नाही.” मी म्हटलं, बोट वाकवलं की जातं. त्याने वाकवून बघितलं आणि आपल्या कामाला लागला. राहिला गोळा. धातूच हवा होता, म्हणजे बोटाला गार लागेल. घरी सुजाताची जुनी सायकल मोडीत निघाली होती. तिच्या चाकातला एक छर्रा काढला. सुजाता म्हणाली, “वा. माझ्या सायकलने शेवटी लढाईसुद्धा केली.”

छर्रा बसवायच्या वेळी हेंकने विचारलं, “तिसरा बुरूज कुठून मोजायचा?”

मी म्हटलं, “दारापासून. फेरीच्या वाटेने.”

“कुठल्या बाजूने?”

मी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की बिचारा गप्प झाला. देवाभोवती माणूस कुठल्या बाजूने फिरतो, हाही काय प्रश्न आहे? देव उजव्या हाताला ठेवून फिरतो. शंकराच्या देवळात अर्ध्या वाटेवरून मागे वळतात, तेवढा एक अपवाद. पश्चिमेच्या दाराकडे तोंड करून मी डावीकडे निघालो, तीन बुरूज मोजले आणि पुढच्या, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीत गिरमिटाने भोक पाडून छर्रा बसवला. मस्त बसला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

मॉडेल पोचवायला गेलो त्या दुपारी विलेमही होते. आजीने चांगला फ्रॉक घातला होता, केस विंचरले होते. स्वयंपाकघराच्या टेबलावर मॉडेल ठेवलं. तिने आधी दोन्ही तळवे छपरावर ठेवले आणि बराच वेळ तशीच बसली. मग दार शोधलं, बोट वाकवून आत घातलं आणि तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली.

नवख्या माणसाचा हात धरून एकदा वाट दाखवायची, अशी आमची पद्धत. मी तिचा उजवा हात हातात घेतला, दारापाशी आणला आणि डावीकडे न्यायला लागलो. पहिल्या बुरुजापर्यंत ती आली. मग तिने हात सोडवून घेतला. “मी एकटी जाते,” म्हणाली.

तिने डावा हात पुढे केला. दारापासून उजवीकडे निघाली. एक बुरूज, मग भिंत. दुसरा बुरूज, भिंत. तिसरा बुरूज. तिथून पुढे बोट वाटेतून वर भिंतीवर चढलं आणि चाचपत राहिलं. भिंत कोरी होती. ती पुन्हा दारापाशी आली, पुन्हा निघाली. पुन्हा तिसऱ्या बुरुजानंतर बोट वर, आणि भिंत कोरी. तिसऱ्यांदा ती फार सावकाश गेली.

“इथे होता,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “आहे ना, आजी, आहे.” डच बोलता बोलता ‘आजी’ म्हणून गेलो. तिचं बोट धरून मी पलीकडच्या भिंतीवरच्या छर्ऱ्यावर ठेवलं. तिने तो हळूच दाबून बघितला.

“हा नाही. ही ती भिंत नाही. इथे कोणी लावला?”

“आई,” विलेम म्हणाले, “तूच सांगितलंस. तिसऱ्या बुरुजानंतर.”

“मी सांगितलं?”

“सांगितलंस.”

तिने हात मागे घेतला. एवढी ताठ बाई, पण खांदे पडले. विलेमनी माझ्याकडे बघितलं. ‘बघितलंत?’ असं ते म्हणाले नाहीत, पण ते तसंच होतं. मला फार वाईट वाटलं. माझ्या हातचं काम समोर ठेवून त्या बाईला वेडं ठरवलं जात होतं. आणि काम तर बिनचूक होतं. नेमकं घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळेना.

विलेम कॉफी करायला उठले. मी उगाच आजीकडे बघत बसलो. तेव्हा लक्षात आलं, तिचा उजवा हात अजून तसाच होता. छातीशी, मूठ वळलेली, अंगठा वर, काहीतरी उभं धरल्यासारखा. फेऱ्या घालताना तिन्ही वेळा तो तसाच होता. मला वाटलं होतं, हात दुखत असेल.

मी विचारलं, “उजव्या हातात काय आहे?”

“मेणबत्ती,” ती म्हणाली, हे काय विचारणं झालं अशा सुरात. “उजव्या हातात मेणबत्ती, डावा हात भिंतीला. भिंतीच्या कडेने चाललं की वारा लागत नाही, ज्योत विझत नाही. आई मागून यायची.”

भिंत डाव्या हाताला. मी मॉडेलकडे बघितलं. भिंत डाव्या हाताला ठेवायची तर दाराकडे तोंड करून उजवीकडेच निघावं लागतं. आणि तिकडून मोजलं की तिसऱ्या बुरुजानंतर येते ती उत्तरेची भिंत. ती तिन्ही वेळा तिथेच, अगदी त्याच जागी थांबली होती.

मी म्हटलं, “विलेम, तुमची आई बरोबर आहे. मी चुकलोय.” मग माझ्या मोडक्या डचमध्ये त्यांना प्रदक्षिणा समजावून सांगितली. आम्ही असे फिरतो, हे लोक तसे फिरतात. “त्यांनी जे सांगितलं तेच त्या करतायत. पहिल्या दिवशी सांगितलं तेच. त्यांच्या डोक्यात ते चर्च जिथल्या तिथे आहे. ते उलटं झालं माझ्या डोक्यात.”

विलेम कॉफीचा चमचा हातात घेऊन उभेच राहिले. आजी म्हणाली, “म्हणजे तुमच्याकडे उलटे फिरतात?”

“आमच्याकडे सरळ फिरतात,” मी म्हटलं. “उलटे तुम्ही.”

ती हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होतो.

माझ्या पिशवीत गिरमिट असतंच. तिथेच, स्वयंपाकघरात, मी दक्षिणेचा छर्रा उपटला आणि त्या भोकात अक्रोडाच्या लाकडाची खुंटी ठोकून ती भिंतीला सपाट केली. उत्तरेच्या भिंतीवर तिचं बोट जिथे थांबलं होतं तिथे खूण केली, भोक पाडलं, छर्रा बसवला. भुसा फुंकून टाकला. “जा आता,” म्हटलं.

ती निघाली. पहिला बुरूज ओलांडल्यावर तिने बोट वाटेतून वर भिंतीवर नेलं, आणि ते अडलं. “हे काय?”

“तो माझा गोळा होता. आता खुंटी आहे.”

“बरं,” ती म्हणाली. “एक शत्रूने मारला, एक तू.” आणि पुढे गेली. दुसरा बुरूज. तिसरा. मग बोट वर गेलं आणि गार छर्ऱ्यावर टेकलं. ती खुर्चीतून किंचित वर उठली, कोणी काखेत हात घालून उचलावं तशी. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि खरं सांगतो, माझ्याही.

मग विलेम म्हणाले, “आई, हे तू मला कधीच का सांगितलं नाहीस?”

“तुझ्या इथल्या आजोबांना घरात ती भाषा चालायची नाही,” ती म्हणाली. “लोक माझ्याकडे बघायचे. मग मी इथल्यासारखी झाले. तूही कधी विचारलं नाहीस.” ती रागावून बोलत नव्हती. विलेम तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, “मला दाखव.” आईने मुलाचा डावा हात धरला आणि त्याला दारापासून उजवीकडे घेऊन गेली. मी माझी पिशवी आवरून निघालो.

घरी आल्यावर सुजाताला सांगितलं. ती म्हणाली, “अरे, पण तू विचारलं नाहीस, कुठल्या बाजूने?” मी म्हटलं, “हेंकने विचारलं होतं.” त्यावर तिने जे बघितलं ते मी हेंककडे बघितलं होतं तसंच होतं. तेव्हापासून कुठलंही देऊळ, चर्च, मशीद, काहीही करायला घेतलं की पहिला प्रश्न मी हाच विचारतो. गिऱ्हाइकांना वाटतं मी फार अभ्यास करतो.

वृद्धाश्रमाचं पुढे ढकललं गेलं. आजी त्या घरात आणखी काही वर्षं राहिली, आणि मग आश्रमात गेली ती पाय थकले म्हणून, डोकं गेलं म्हणून नव्हे. तो गोळा त्या चर्चच्या भिंतीत खरोखर आहे की नाही, मला आजही माहीत नाही. विलेमनी गावच्या पाद्र्यांना विचारलं होतं. त्यांचं उत्तर आलं की उत्तरेच्या भिंतीवर गिलावा जाड आहे आणि तो फोडायची परवानगी कोणी देणार नाही. आणि ते बरोबरच आहे. जुन्या वास्तूला अशी खाज म्हणून कोणी हात लावू नये.

आजी वारल्यानंतर विलेम एकदा मॉडेल घेऊन वर्कशॉपवर आले. त्यांना ते आपल्या घरी ठेवायचं होतं. पडून छपराचा एक कोपरा उडाला होता, तेवढा दुरुस्त करून हवा होता. मी ते उजेडात नेलं. लिंडनचं लाकूड हाताचं तेल पितं. फेरीची वाट पार काळपट झाली होती, दाराची कड गुळगुळीत झाली होती. उत्तरेच्या भिंतीवरचा छर्रा नव्यासारखा चमकत होता. आणि दक्षिणेच्या भिंतीवरची माझी ती खुंटीही तशीच चकचकीत होती. वाट खाली आहे, खुंटी वर. जाता जाता ती सहज बोटाला लागत नाही. मुद्दाम बोट उचलावं लागतं.

हेंक शेजारी येऊन उभा राहिला. “फार मळलंय,” म्हणाला आणि पॉलिश पेपर उचलला. “सगळंच एकदा घासून काढू?”

मी म्हटलं, “छपराचा कोपरा तेवढा कर. भिंतींना हात लावू नकोस.”